सायकल लेनचा वाद चौकात सोडवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या वाचक-पत्रांत सायकल लेनवरून दोन तट पडलेले दिसतात. एका तटाचे म्हणणे असे, की या लेननी रस्त्याची रुंदी खाल्ली आणि कोंडी वाढवली. दुसरा तट म्हणतो, लेन वाढवत न्या, कोंडी आपोआप जाईल. आम्ही रस्ते आणि सिग्नल आखण्याच्या कामातली माणसे आहोत आणि आम्हाला हे दोन्ही दावे पटत नाहीत. दोन्ही तट दोन चौकांमधल्या रस्त्याच्या पट्ट्याकडे बघून भांडतात. शहरातला रस्ता तासाला किती गाड्या पुढे सोडतो हे त्या पट्ट्यात ठरतच नाही, ते चौकात ठरते. सायकलस्वाराला सर्वांत जास्त धोका असतो तोही चौकातच. त्यामुळे लेन हवी की नको हे विचारण्याआधी चौकाचा नकाशा मागायला हवा, आणि तो या चर्चेत अजून कोणीच मागितलेला नाही.

आधी गणित बघू. सिग्नल सतत हिरवाच राहिला असे धरले, तर एका लेनमधून तासाला साधारण १८०० ते १९०० मोटारी जातात. प्रत्यक्षात हिरवा दिवा चारी दिशांना वाटून द्यावा लागतो. एखाद्या दिशेच्या वाट्याला ४० टक्के वेळ आला, तर तिथल्या एका लेनमधून तासाला ७२० ते ७६० गाड्या सुटतात. थांबारेषेपाशी अशा दोन लेन असतील तर दीड हजाराच्या आसपास. मागे दोन चौकांच्या मधे तीन लेन असोत नाहीतर चार, पुढचा चौक तासाला दीड हजारच गाड्या घेणार. मधल्या जादा लेनमुळे रांग आखूड आणि रुंद होते, तिच्यातल्या गाड्या लवकर सुटत नाहीत.

म्हणून मधल्या पट्ट्यातली एक लेन सायकलींना दिली आणि थांबारेषेपाशी मोटारींच्या लेन होत्या तेवढ्याच ठेवल्या, तर रस्त्याची क्षमता जवळपास तशीच राहते. थांबारेषेपाशीच दोनातली एक लेन काढली, तर ती निम्मी होते. एकाच रस्त्यावरच्या या दोन आखण्यांना आपण एकाच नावाने ‘सायकल लेन’ म्हणतो, आणि मग एकाच्या अनुभवावरून दुसरीला दोष देतो किंवा तिचे कौतुक करतो.

विरोधकांचा एक मुद्दा मात्र इथे खरा आहे आणि तो मान्य करायला हवा. थांबलेल्या रांगेत एक मोटार पुढच्या मोकळ्या अंतरासकट सहा ते सात मीटर जागा घेते. लाल दिव्यात २५ गाड्या साठत असतील, तर दोन लेनमध्ये ती रांग ८५ मीटरच्या आसपास थांबते. एका लेनमध्ये तीच १७० मीटरपर्यंत जाते. मागचा चौक दीडशे मीटरवर असेल तर रांगेचे शेपूट त्या चौकात शिरते, आडवा रस्ता अडतो आणि तिथला हिरवा दिवा वाया जातो. बघता बघता शेजारचे चार रस्ते थबकतात. शहरातली मोठी कोंडी बहुधा अशीच पसरते. तेव्हा लेन आखणाऱ्याने रांगेची लांबी काढून दाखवली पाहिजे. ती मागच्या चौकात शिरत असेल, तर त्या तुकड्यापुरती रुंदी दुसरीकडून आणावी लागेल.

ती रुंदी बहुतेक वेळा रस्त्यातच सापडते. अनेक रस्त्यांवर मोटारींच्या लेन साडेतीन मीटरच्या असतात, मोटार स्वतः पावणेदोन ते दोन मीटर रुंद असते. साडेतीन मीटरच्या चार लेन म्हणजे चौदा मीटर. त्यातल्या तीन लेन तीन मीटर पाच सेंटिमीटरच्या आणि बस-ट्रकसाठीची एक सव्वातीन मीटरची केली, की दीड मीटरहून अधिक जागा मोकळी होते. यामुळे क्षमता घटते का? अमेरिकेत प्रमाण मानल्या जाणाऱ्या हायवे कपॅसिटी मॅन्युअलच्या २०१० च्या आवृत्तीत १० फूट ते १२.९ फूट रुंदीच्या सर्व लेनना सिग्नलवर सारखीच क्षमता धरली आहे. १० फुटांखाली गेल्यावर ती ४ टक्क्यांनी कमी धरतात. म्हणजे तीन मीटरच्या थोड्या वरपर्यंत लेन अरुंद केली तरी चौक तेवढ्याच गाड्या सोडतो. अरुंद लेनमध्ये वेग थोडा उतरतो, आणि वस्तीतल्या रस्त्यावर ते चांगलेच आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाच्या गाडीत ताशी ३० च्या गाडीपेक्षा पावणेतीन पटींहून जास्त गतिज ऊर्जा असते, आणि धडकेत ती ऊर्जा माणसाच्या अंगावर येते.

रुंदी मिळण्याची दुसरी जागा म्हणजे कडेचे पार्किंग. कडेला समांतर लावलेल्या मोटारींची ओळ दोन मीटर खाते. शिवाय दार उघडण्यासाठी पाऊण ते एक मीटर मोकळे सोडावे लागते. म्हणजे जवळजवळ तीन मीटर, एक अख्खी लेन. त्यात दुहेरी पार्किंग झाले की दुसरी लेनही गेलीच. हा सगळा रस्ता ‘मोटारींच्या वाहतुकीचा’ म्हणून हिशेबात धरला जातो, पण त्यावरून एकही मोटार चालत नसते. सायकल लेनने रस्ता खाल्ला असे म्हणणाऱ्यांनी त्याच रस्त्यावर उभ्या गाड्यांनी किती खाल्ला आहे तेही मोजावे, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

आता चौकाकडे येऊ. इथेच बहुतेक लेन फसतात. फसण्याची तऱ्हा ठरलेली असते. दोन चौकांच्या मधे लेन व्यवस्थित आखलेली असते, रंगवलेली असते, खांबही लावलेले असतात. चौक तीस-चाळीस मीटरवर आला की ती संपते. तिथे मोटारींना वळण्यासाठी जादा लेन हवी असते आणि आखणारा ती सायकलीच्या जागेतून काढतो. रस्त्याच्या सोप्या भागात सायकलस्वाराला संरक्षण मिळते आणि अवघड भागात त्याला बस, ट्रक आणि वळणाऱ्या मोटारींमध्ये सोडून दिले जाते. मुलाला सायकलने शाळेत पाठवायचे की नाही हे घरातली माणसे त्या तीस मीटरवरून ठरवतात. ते तीस मीटर धोक्याचे असतील तर मागचे दोन किलोमीटर कितीही चांगले असले तरी मूल घरच्या मोटारीतूनच जाते. लेन झाली, रुंदी गेली, मोटार मात्र रस्त्यावर राहिली. हा सर्वांत वाईट सौदा आहे, आणि या अर्ध्या कामाबद्दल विरोधकांचा राग रास्त आहे.

चौकातली टक्कर बहुतेक वेळा कशी होते ते समजून घेतले, की उपायही समजतो. सायकल सरळ चालली आहे आणि तिच्या शेजारून जाणारी मोटार सायकलच्याच बाजूला वळते. वाहने डावीकडून चालतात तिथे ही गाडी डावीकडे वळणारी असते, उजवीकडून चालतात तिथे उजवीकडे वळणारी. ट्रकच्या बाबतीत चालकाला त्या क्षणी सायकल दिसतच नाही, ती त्याच्या केबिनच्या बाजूला, आरशाच्या आड असते. आरसे वाढवून थोडा फरक पडतो. खरा फरक रस्त्याची भूमिती बदलून पडतो. नेदरलँड्समध्ये चौकाच्या कोपऱ्यावर एक छोटे बेट बांधतात आणि सायकलींची आडवी वाट मुख्य रस्त्यापासून चार-पाच मीटर, म्हणजे एका मोटारीच्या लांबीइतकी आत घेतात. याचे तीन परिणाम होतात. बेटामुळे मोटारीला मोठा वळसा वेगात घेता येत नाही, तिला हळू आणि काटकोनात वळावे लागते. वळून झाल्यावर सायकल चालकाच्या समोरच्या काचेत येते, आरशात शोधावी लागत नाही. आणि सायकलीला वाट देण्यासाठी थांबलेली मोटार त्या चार-पाच मीटरच्या खिशात उभी राहते, मागच्या सरळ जाणाऱ्या गाड्या अडत नाहीत. हा तिसरा परिणाम कोंडीच्या दृष्टीने फार मोलाचा आहे आणि त्याबद्दल क्वचितच बोलले जाते. वाट आत घेतलीच नाही, तर वळणारी प्रत्येक मोटार थांबताना मागची अख्खी लेन थांबवते.

वळणाऱ्या गाड्या जास्त असतील तर भूमिती पुरत नाही, सिग्नलही वेगळा लागतो. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या २०१५ च्या मार्गदर्शिकेत साध्या चौकासाठी ढोबळ मर्यादा दिली आहे: एकेरी सायकल ट्रॅक (म्हणजे मोटारींपासून वेगळी केलेली, एकाच दिशेची सायकल लेन) ओलांडून तासाला १५० हून जास्त गाड्या वळत असतील, तर सायकल आणि वळणारी गाडी यांना एकाच वेळी हिरवा देऊ नये. दुहेरी ट्रॅकसाठी ही मर्यादा १०० आहे. त्याखाली सायकलींना मोटारींच्या तीन ते पाच सेकंद आधी हिरवा दिला तरी चालते. तेवढ्यात रांगेतल्या सायकली चौकाच्या मध्यापर्यंत पोचतात आणि वळणाऱ्यांच्या नजरेत येतात. वेगळा सिग्नल द्यावा लागला तरी सिग्नलच्या चक्रात (सगळ्या दिशांना एकेकदा हिरवा मिळून होईपर्यंतच्या वेळात) सायकलींसाठी नवा टप्पा, म्हणजे हिरव्याची वेगळी पाळी, घालण्याची गरज नसते. सरळ जाणाऱ्या मोटारींबरोबरच सायकलींना हिरवा द्यायचा आणि तेवढा वेळ वळणाऱ्यांचा बाण लाल ठेवायचा. त्यासाठी वळणाऱ्यांना थांबायला स्वतःची लेन हवी, नाहीतर लाल बाणामागे सरळ जाणारेही अडकतात. नकाशात हा बारकावा राहून गेला की उद्‌घाटनाच्या दिवसापासून हॉर्न वाजायला लागतात आणि दोष सायकलीच्या माथी जातो.

सिग्नलच्या बाबतीत आणखी दोन चुका सर्रास दिसतात. पहिली चूक पिवळ्याच्या वेळेची. एक दिशा बंद होऊन दुसरी सुरू होईपर्यंतचा मधला वेळ मोटारींच्या वेगावर काढतात, साधारण पाच सेकंद. म्हातारा माणूस किंवा शाळकरी मुलगी ताशी १२ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला ३.३ मीटरने सायकल चालवते. ३० मीटर रुंद चौक ओलांडायला तिला नऊ सेकंद लागतात. हिरव्याच्या शेवटच्या क्षणी निघालेली ही मुलगी चौकाच्या मध्यावर असते तोवर आडव्या गाड्या सुटतात. सायकलींचा दिवा मोटारींच्या चार सेकंद आधी लाल केला की हे टळते. खर्च काहीच नाही, फक्त वेळापत्रक बदलायचे.

दुसरी चूक लांबलचक चक्राची. गर्दी वाढली की सिग्नलचे चक्र १८० सेकंदांचे किंवा त्याहून मोठे करण्याकडे कल असतो. त्यामागे कारण आहे. प्रत्येक टप्पा बदलताना चार-पाच सेकंद फुकट जातात. चार टप्पे म्हणजे २० सेकंद. १८० सेकंदांच्या चक्रात हा तोटा ११ टक्के, तर ९० सेकंदांच्या चक्रात २२ टक्के. पण लांब चक्रात लाल दिवाही दोन-सव्वादोन मिनिटांचा होतो. रांगा लांबतात, पायी आणि सायकलवर असलेली माणसे कंटाळून लालातच निघतात. चक्र आखूड करायचे आणि तोटाही वाढू द्यायचा नाही, याला एकच मार्ग आहे: टप्पे कमी करा. एखाद्या चौकात एक अवघड वळण बंद केले आणि त्या गाड्यांना पुढच्या चौकातून वळवले, तर टप्पा बदलण्याचे पाच सेकंद वाचतात, शिवाय त्या वळणाचा हिरवाही बाकीच्यांना मिळतो.

हीच कल्पना अख्ख्या शहराला लावून बघितली गेली आहे. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनने १९७७ मध्ये मध्यवस्तीचे चार भाग केले आणि एका भागातून दुसऱ्या भागात मोटारीने थेट जाणे बंद केले. मोटारीला बाहेरच्या वर्तुळाकार रस्त्यावरून फिरून यावे लागते, सायकल आणि पायी माणूस सरळ जातो. बेल्जियममधल्या गेंटने २०१७ मध्ये याच धर्तीची योजना आणली. अशा योजनेत मोटार कुठल्याही दारापर्यंत पोचते, फक्त मध्यवस्तीचा आरपार जाण्याचा आडरस्ता म्हणून वापर थांबतो. आतल्या रस्त्यांवर गाड्या इतक्या कमी होतात की तिथे वेगळी सायकल लेन लागतही नाही. लेन-लेन म्हणून भांडणाऱ्या दोन्ही तटांनी या उपायाकडे जरूर बघावे, कारण यात रुंदीचा एक सेंटिमीटरही कोणाकडून काढून घ्यावा लागत नाही.

‘लेन तर रिकामीच असते’ हा आक्षेप नेहमीचा. त्याचे उत्तर नजरेने देता येत नाही, मोजून द्यावे लागते. तासाला ६०० सायकली ताशी १५ किलोमीटर वेगाने जात असतील, तर एका किलोमीटरवर कुठल्याही क्षणी फक्त ४० सायकली असतात, दर पंचवीस मीटरला एक. बघणाऱ्याला लेन ओस वाटते. शेजारी तुंबलेल्या लेनमध्ये किलोमीटरभरात दीडशेच्या आसपास मोटारी असतात आणि ती भरलेली दिसते. लेन रिकामी दिसते ती सायकली पुढे सरकत असतात म्हणून. तुंबलेली लेन भरलेली दिसते ती गाड्या हलत नसतात म्हणून. अर्थात तासाला वीसच सायकली जात असतील तर लेन खरोखरच रिकामी आहे, आणि मग ती कुठे तुटते हे शोधायला हवे.

कारण सुटा तुकडा कधीच भरत नाही. हा धडाही जुना आहे. नेदरलँड्सने १९७० च्या दशकात टिलबर्ग आणि हेग इथे एकेक देखणा सायकल मार्ग बांधून पाहिला. जवळपासचे सायकलस्वार त्या मार्गावर आले, पण शहरातले सायकल चालवणे त्यामुळे फारसे वाढले नाही. मग डेल्फ्टमध्ये १९८० च्या दशकात सगळ्या शहराचे जाळे जोडून घेतले, तिथे मात्र फरक पडला. स्पेनमधल्या सेव्हिलने २००६ नंतरच्या काही वर्षांत शंभराहून अधिक किलोमीटरचे सलग जाळे एकदमच उभारले. त्याआधी तिथे सायकल चालवणारे नगण्य होते, जाळे झाल्यावर ते अनेक पटींनी वाढले. दरवर्षी दोन-दोन किलोमीटर, तेही शहराच्या वेगवेगळ्या टोकांना, अशा हिशेबाने काम केले तर दहा वर्षांनीही हाती वीस किलोमीटरचे तुकडेच असतात.

आता समर्थकांना दोन शब्द. सायकल लेनने मोटारींची कोंडी मिटेल असे वचन देऊ नका. रस्त्यावर जागा झाली की ती भरते, मग ती रुंदीकरणाने झालेली असो की काही जण सायकलवर गेल्यामुळे. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाउन्स यांनी हे १९६२ मध्येच मांडले. जिल्स ड्युरँटन आणि मॅथ्यू टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये अमेरिकी महानगरांच्या आकडेवारीवरून दाखवले, की महामार्गांच्या लेनची एकूण लांबी ज्या प्रमाणात वाढते, जवळपास त्याच प्रमाणात मोटारींचे फिरणेही वाढते. याची उलट बाजूही नोंदली गेली आहे. सॅली केर्न्स, स्टीफन ॲटकिन्स आणि फिल गुडविन या वाहतूक-अभ्यासकांनी २००२ मध्ये रस्त्याची जागा कमी केल्याची सत्तरच्या आसपास उदाहरणे तपासली. मोटारी शेजारच्या रस्त्यांवर गेल्या त्याही धरून एकूण वाहतूक सरासरी २१.९ टक्क्यांनी आणि मध्यक (सगळी उदाहरणे क्रमाने लावली की मधोमध येणारा आकडा) काढला तर १०.६ टक्क्यांनी घटली होती. सरासरी आणि मध्यक यांत एवढे अंतर आहे, याचा अर्थ काही ठिकाणी घट मोठी होती आणि काही ठिकाणी जवळपास नव्हतीच. म्हणून कुठल्याही एका शहराचा दाखला देऊन दुसऱ्या शहराला हमी देता येत नाही.

मग सायकल लेन करते काय? ती रांगेतून बाहेर पडायचा मार्ग देते. ज्याला चार किलोमीटरच जायचे आहे त्याला मोटार काढण्याची सक्ती राहत नाही. मागे राहिलेल्यांनाही त्यात फायदा असतो, कारण काठोकाठ भरलेल्या चौकात थोडी घट पुष्कळ काम करते. रांगेच्या साध्या गणितात क्षमतेच्या ९५ टक्के भार असताना जेवढी रांग असते, ती ९० टक्क्यांवर निम्म्याहून कमी होते. शाळांच्या सुट्टीत रस्ते एकदम मोकळे वाटतात ते याचमुळे. ही घट टिकवायची असेल तर मात्र मोटारीच्या वापराला मोल लावावे लागते, पार्किंगचे किंवा प्रवेशाचे. स्टॉकहोमने २००६ च्या जानेवारी ते जुलै या काळात मध्यवस्तीत येण्या-जाण्यावर शुल्क लावून पाहिले. हद्द ओलांडणाऱ्या गाड्या सुमारे २० टक्क्यांनी घटल्या. प्रयोग संपताच त्या बऱ्याच अंशी परत आल्या. सार्वमत घेऊन २००७ पासून शुल्क कायम झाले. सायकल लेन आणि असे शुल्क एकमेकांना पूरक आहेत. लेन न देता नुसते शुल्क लावले तर ज्याला पर्याय नाही त्याचा फक्त खिसा कापला जातो.

बांधणीच्या कामातल्या काही गोष्टी थोडक्यात सांगतो. एकेरी ट्रॅक दोन मीटर हवा, म्हणजे हळू जाणाऱ्याला मागे टाकता येते. दीड मीटर ही अगदी अडचणीच्या जागेची मर्यादा आहे आणि तीही भिंत किंवा रेलिंगला लागून नको, कारण सायकलस्वार भिंतीपासून पाव ते अर्धा मीटर आपोआप दूर राहतो. पृष्ठभाग यंत्राने अंथरलेल्या डांबराचा करावा. पेव्हर ब्लॉक खचतात, त्यांच्या फटी उघडतात आणि सायकलस्वार मोटारींच्या रस्त्यावर परत येतो. पाण्याच्या जाळीच्या सळया सायकलच्या दिशेला आडव्या असाव्यात, उभ्या असल्या तर चाक अडकते. चेंबरची झाकणे ट्रॅकच्या बाहेर काढावीत, ते जमत नसेल तर अगदी समतल बसवावीत. कडेचा दगड दहा-बारा सेंटिमीटरहून उंच आणि उभा असेल तर पेडल त्यावर आपटते. तो पाच-सहा सेंटिमीटर उंच आणि तिरका ठेवला तर चूक झाली तरी माणूस पडत नाही. इमारतींच्या फाटकांपाशी ट्रॅक वर-खाली करू नये. ट्रॅक सपाट ठेवून मोटारीला चढ द्यावा. पार्किंग ठेवायचेच असेल तर ट्रॅक मोटारी आणि फूटपाथ यांच्या मधे घ्यावा, दारासाठी पाऊण मीटर मोकळे सोडून. बसथांब्यावर ट्रॅक थांब्याच्या मागून न्यावा आणि पुढे प्रवाशांना उभे राहायला किमान दोन-अडीच मीटरचे बेट द्यावे. बससाठी थांबलेल्या माणसांतून सायकली काढणे दोघांनाही त्रासाचे आहे, अंध व्यक्तींना तर धोक्याचे.

दुहेरी ट्रॅक एका बाजूला करणे स्वस्त पडते म्हणून तो मोह फार होतो. त्यात वळणाऱ्या चालकाला अनपेक्षित बाजूने सायकल येते, तो तिकडे बघतच नाही. नदीकाठ, रेल्वेमार्ग, मोठे मैदान अशा, चौक कमी असलेल्या बाजूलाच तो करावा.

ट्रॅकमध्ये शिरणाऱ्या मोटारसायकलींचा प्रश्न सर्वांत अवघड आहे, आणि कोणी त्यावर सोपा उपाय सांगितला तर सावध राहावे. खांब दीड मीटर अंतरावर लावले तर मोटार अडते, मोटारसायकल नाही. त्याहून जवळ लावले किंवा आडवे पाइप टाकले, तर तीनचाकी सायकल, मालवाहू सायकल आणि चाकाची खुर्ची यांची वाट बंद होते. ज्यांच्यासाठी ट्रॅक केला त्यांनाच बाहेर ठेवून काय साधणार? मोटारसायकल ट्रॅकमध्ये येते ती शेजारची रांग हलत नाही म्हणून, आणि शिरते ती बहुधा चौकापाशी. म्हणजे पुन्हा चौकच. तिथे ट्रॅकचे तोंड कोपऱ्यावरच्या बेटाने वळवून घेतले, ट्रॅक रस्त्याच्या वर उचलला आणि त्या तोंडावरच कॅमेरा ठेवून दंड नियमित केला, तर शिरकाव कमी होतो. पूर्ण थांबत नाही. वर्षातून दोनदा मोहीम काढून काहीच होत नाही.

झाडलोटीचा विचार तर आखताना कोणी करतच नाही. खांबांच्या आत रस्ता झाडायचे मोठे यंत्र जात नाही. महिन्याभरात ट्रॅकवर वाळू, काचा, पाला साचतो आणि चाके घसरतात. दोन मीटरच्या ट्रॅकमध्ये जाणारे छोटे यंत्र आधी घ्यावे किंवा रोजच्या हाताने झाडण्याची तरतूद करावी. केबल-पाइपसाठी खोदकाम झाले की चर बुजवून वरचे डांबर पूर्ण रुंदीत पुन्हा घालण्याची अट परवान्यात लिहावी. अर्ध्या रुंदीचे ठिगळ सायकलला कायम बोचते.

शंका असेल तिथे प्रयोग करून बघावा, पण नीट. रंग, बोल्टने बसवायचे रबरी किंवा काँक्रीटचे अडथळे आणि तात्पुरते सिग्नल यांवर सहा महिन्यांचा प्रयोग होतो. पहिल्या अडथळ्यावर परावर्तक पट्टी आणि उंच खांब लावा, रात्री गाडी त्याच्यावरच आदळते. प्रयोगात चौक धरलेच पाहिजेत. चौक वगळून केलेला प्रयोग फसतो आणि मग ‘करून पाहिले, जमले नाही’ असे कायमचे म्हटले जाते. आधीची मोजणी प्रयोगापूर्वी करावी लागते, नंतर आठवणीने ती करता येत नाही. दर पंधरा मिनिटांची मोजणी करावी, गाड्यांबरोबर माणसेही मोजावीत, आणि फक्त त्या रस्त्यावर नव्हे तर दोन्ही बाजूंच्या समांतर रस्त्यांवरही मोजावे. नाहीतर गाड्या कमी झाल्या की शेजारच्या गल्लीत गेल्या, हे कळत नाही. सरासरी प्रवासवेळेबरोबर वाईटात वाईट दिवसांचा वेळही नोंदावा. माणूस घरातून निघायची वेळ त्या दिवसांवरून ठरवतो. बस आणि रुग्णवाहिका यांचा वेळ वेगळा काढावा. तीन मीटरहून रुंद ट्रॅकवर मधे पक्के अडथळे नसतील तर तुंबलेल्या रस्त्यातून रुग्णवाहिका त्यावरून काढता येते. तेवढ्यासाठी ट्रॅकच्या तोंडाचा मधला खांब काढता येण्याजोगा असावा आणि त्याची किल्ली अग्निशमन दलाकडे व रुग्णवाहिका चालकांकडे असावी.

आपल्या दैनिकाला एक विनंती. पुढची सायकल लेन जाहीर होईल तेव्हा लांबी आणि खर्च यांच्याबरोबर चार गोष्टी मागून छापाव्यात: मार्गावरच्या प्रत्येक चौकाचा १:२०० प्रमाणातला नकाशा, लेनआधी आणि लेननंतर थांबारेषेपाशी मोटारींच्या किती लेन राहतात तो आकडा, गर्दीच्या तासातल्या रांगेची काढलेली लांबी, आणि प्रत्येक सिग्नलचे टप्पे सेकंदांसकट. चार कागदांचे हे काम आहे, आखणी नीट झालेली असेल तर हे कागद तयारच असतात. ते मिळाले की विरोधकाला आपला चौक तुंबणार की नाही हे स्वतः तपासता येईल, आणि आई-वडिलांना मुलाची सायकल चौकाच्या पलीकडे सुखरूप जाते की तीस मीटर आधीच वाऱ्यावर सोडली जाते हे नकाशावर बोट ठेवून बघता येईल.

आपले,
रस्ते आणि वाहतूक आखणीच्या कामातील काही वाचक